बंद दाराची चाचणी

१२ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद नंतर. आधी एक विनंती, हे पत्र फाडू नकोस. मी प्रत ठेवलेली नाही आणि पुन्हा लिहायचा मला कंटाळा आहे. तू मला फोनवर ब्लॉक केलंस, मेलवर केलंस, आपल्या साइटच्या गटातूनही बाहेर काढलंस, आणि ती साइट माझ्या नावावर आहे हे विसरलास. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून कुणी काढलेली नाही, म्हणून हा कागद.

आई बरी आहे. तू फोन का करत नाहीस असं तिने एकदा विचारलं. मी म्हटलं, कामात असेल. ती म्हणाली, असेल. तुझ्या लेखाखाली मी जे लिहिलं ते तिला माहीत नाही आणि माझ्याकडून कळणारही नाही.

आता त्याबद्दल. ‘आई-बाप ओझं नसतात’ हा तुझा लेख चांगला होता. नऊ वर्षं आपण ‘मोजूनमापून’ चालवतोय. उपकरणांची परीक्षणं माझी, सिनेमांची तुझी आणि समाजाला शहाणपण शिकवायचं खातं दोघांचं. पण त्या आठवड्यात आली तेवढी माणसं साइटवर कधीच आली नव्हती. लोक रडले, लोकांनी आपापल्या आयांना फोन लावले. मी शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या विसळत होते, शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी तो लेख मोठ्याने वाचत होतं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन साइटच्याच नावाने खाली लिहिलं: ‘लेखकाच्या घरात एक खोली रिकामी आहे, पण स्वतःच्या आईला तिथे जागा नाही. विचारून बघा.’

दोन तासांनी काढून टाकलं. तोवर व्हायचं ते झालं होतं. तुझ्या ऑफिसात लोकांनी ते एकमेकांना दाखवलं, तुझ्या बायकोला तिच्या भावाने फोन करून विचारलं, हे तिच्याकडूनच कळलं. मी ते तिथे लिहायला नको होतं. खोटं होतं म्हणून नव्हे, जागा चुकली म्हणून. ही माफी समज. अर्धी आहे, पण आहे.

दुसरं काम श्रवणयंत्राचं. ते बनवणारे गृहस्थ, तीन माणसांचा कारखाना आहे त्यांचा, आठवतात ना? ‘महिनाभर वापरा आणि वाटेल ते लिहा’ म्हणून त्यांनी यंत्र पाठवलं होतं, आणि ते आपण आईला लावलं होतं. मी सगळ्यात गुण दिले. बॅटरीला दिले, कानात बसतं त्याला दिले. फक्त बंद दाराच्या चाचणीत दहापैकी दोन दिले आणि तू मथळा दिलास, ‘दाराआड ठार बहिरं’. मथळे नेहमी तूच देतोस, त्यामुळे ते पाप निम्मं तुझं. तो मथळा लोकांच्या तोंडी बसला. आता ते गृहस्थ लिहितात की त्यांच्याकडे आलेल्या मागण्या माघारी जातायत आणि यंत्र तपासायला परत पाठवा. मी पाठवलं. बिघाड असेल तर त्यांचा असेल. माझी चाचणी चुकीची नव्हती.

तू दोन दिवसांसाठी आला होतास तेव्हाचीच ती चाचणी. आई तिच्या खोलीत खुर्चीवर, दार बंद, तू स्वयंपाकघरात उभा राहून वर्तमानपत्रातल्या पाच बातम्यांचे मथळे वाचलेस. आवाजाची पातळी मी डेसिबल-मापकावर मोजत होते. मग लगेच आत जाऊन तिला काय ऐकू आलं ते विचारायचं होतं, पण आपलं तिथेच थोडं वाजलं. वर्षभर आईला तुझ्याकडे ने, मला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जागा मिळतेय, असं मी म्हणाले. तू म्हणालास, ‘माझ्याकडे नको. मला घरात शांतता लागते लिहायला.’ नंतर आत गेले तर आई म्हणाली, काही नाही ऐकू आलं, नुसती गुणगुण.

हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिलं, कारण नोंद पूर्ण असलेली बरी.

तुझी ताई

२६ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, मी काही उत्तरासाठी अडलेली नाही.

यंत्रवाल्यांचा अहवाल आला. एकपानी आहे, शिव्या नाहीत, विनवण्या नाहीत. यंत्र धडधाकट आहे असं म्हणतात. आणि खाली एक तक्ता जोडलाय. मला माहीतच नव्हतं की ते यंत्र स्वतःची नोंद ठेवतं. ऐकलेलं साठवत नाही, घाबरू नकोस. कधी चालू झालं, कधी बंद झालं आणि वापरणाऱ्याने कानामागचं बटण दाबून आवाज कधी कमी-जास्त केला, एवढंच.

त्या रविवारची, चाचणीच्या दिवसाची, नोंद तुझ्यासाठी उतरवते. अकरा वाजता चालू. अकरा तेराला आवाज एक पायरी वाढवला. अकरा सोळाला आणखी एक पायरी वाढवला. अकरा चोवीसला बंद.

मी माझी वही काढली. तू शेवटचा मथळा वाचलास तेव्हा माझ्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हणजे वाचन चालू असताना तिने बटणाला हातही लावला नाही. तिला ते नीट ऐकू येत होतं. वाचन संपल्यावर, चाचणी संपल्यावर, आपण दोघं बोलायला लागल्यावर तिने आवाज वाढवला. एकदा नव्हे, दोनदा.

ज्याला नुसती गुणगुण ऐकू येते तो माणूस दोनदा बटण दाबेल, कंटाळेल आणि काढून ठेवेल, असं तू म्हणशील. मीही तेच म्हणून पाहिलं. पण मी आत गेले तेव्हा साडेअकरा झाले होते. यंत्र तिच्या मांडीवर होतं आणि तिने मला न विचारताच सांगितलं, ‘काही नाही ऐकू आलं हो.’ तेव्हा मला ते विचित्र वाटलं नाही. मी वहीत दोन गुण लिहिले आणि तिला चहा केला.

आपल्याकडे म्हणतात, भिंतीला कान असतात. आपण तर भिंतीपलीकडे कान स्वतःच्या हाताने बसवला, त्याची बॅटरी भरली, आणि मग बोलायला लागलो. नऊ वर्षं चाचण्या घेणाऱ्या दोन शहाण्यांशिवाय ही चूक कुणाला जमली असती असं मला वाटत नाही.

तू काय बोललास ते तुला आठवत असेल. शांतता लागते म्हणालास, आणि आईला दिवसभर टीव्ही मोठा लागतो, एकच गोष्ट चारदा सांगावी लागते, असंही म्हणालास. मीही काहीतरी बोलले असेन, रागात माणूस बोलतो. पण तुझं आधी आठव.

मी अजून तिला विचारलेलं नाही.

ताई

९ मार्च

धाकट्या,

विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, आई, त्या दिवशी दार बंद होतं तेव्हा तुला आमचं ऐकू आलं होतं का? तिने उशीचा अभ्रा नीट चौकोनी केला आणि म्हणाली, ‘तुमच्या साइटवर आलंय ना, ऐकू येत नाही म्हणून? मग नाही आलं.’

बघ, आपल्याच गुणपत्रिकेने आपला कान धरला.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले आणि जे दीड महिना डोळ्यांसमोर होतं ते आता दिसलं. ती टीव्ही लावतच नाही. मी समजत होते तिला कंटाळा आला असेल. स्वतःचा कप स्वतः विसळून ठेवते. मी काही सांगितलं की दुसऱ्यांदा विचारत नाही, ऐकू आलं नसलं तरी मान हलवते. परवा मी म्हटलं, खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई आजारी आहेत, तर ती हसून ‘छान झालं’ म्हणाली. मला हसू आलं आणि मग आलं नाही.

आणि शनिवारी तिने माझ्यापुढे एक फॉर्म ठेवला. त्याच नर्सबाईंकडून आणवलेला. गावाबाहेर एक वृद्धनिवास आहे, तिथे खोली रिकामी झाली आहे, एक एप्रिलपासून. ‘तुझं अक्षर चांगलं आहे, तू भर,’ म्हणाली. मी म्हटलं, हे काय काढलंस? ती म्हणाली, ‘तुम्ही महिनाभर वापरून मग मत देता ना? मी महिनाभर राहून बघते. मग सांगते.’ तिच्याशी वाद घालता येत नाही हे तुला माहीत आहे. आपली बोलायची तऱ्हा आपण कुठून घेतली तेही माहीत असेल.

मी भरला. नाव, वय, औषधं, जवळचे नातेवाईक. नातेवाइकांत तुझा पत्ता लिहिला, तेव्हा तिने तो नीट तपासून घेतला. शेवटी एक रकाना होता, ‘येण्याचं कारण’. मी पेन धरून बसले. ती म्हणाली, ‘लिही, स्वतःच्या मर्जीने.’ मी लिहिलं. माझ्या चांगल्या अक्षरात.

आता तुला जे दोन पत्रांत सांगितलं नाही ते सांगते. तू शांततेचं बोललास ते अकरा वाजून बारा मिनिटांच्या सुमारास असेल, आणि ते फार वाईट नव्हतं. माणूस असं बोलतो. मी जे बोलले ते त्यानंतरचं आहे. तू म्हणालास की मग मी काय करू, आणि मी म्हणाले, ‘ती आहे तोवर माझं काहीच सुरू होणार नाही. कधी संपणार हे?’

शब्द बरोबर आहेत. मी बदललेले नाहीत. तूही विसरला नसशील, पण एवढ्या रागातही तू ते कुणाला सांगितलं नाहीस, तुझ्या बायकोलाही नाही. मी तुझी खोली चव्हाट्यावर मांडली आणि तू माझं हे झाकून ठेवलंस. अर्ध्या माफीची बाकी अर्धी आता घे.

ताई

१८ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र आलं. चार ओळी. सिनेमाच्या परीक्षणाला तू चौदाशे शब्द घेतोस, तेही मध्यंतराला उठून येऊन, हे मी आजवर कुणाला बोलले नाही. असो. ‘यंत्राचं हवं ते लिही, मला त्यात ओढू नकोस. आईला सांग कामात आहे.’ सांगितलं. असेल, म्हणाली.

मी यंत्रवाल्यांच्या कारखान्यात जाऊन आले. कारखाना म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत ते आणि त्यांची मेहुणी भिंगाखाली तारा जोडतात, दुसरीत एक निवृत्त शिक्षक येणाऱ्या म्हाताऱ्यांचे कान तपासतात. टेबलावर परत आलेल्या यंत्रांची खोकी रचलेली होती. मी ती मोजायला लागले आणि मग मोजायचं थांबले. त्यांनी मला खुर्ची दिली. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. पण ते म्हणाले, तक्ता पाहिला तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं, आमच्याकडे असं पुष्कळ होतं. लोक यंत्र नीट चालायला लागलं की परत आणून देतात. ऐकू येत नाही म्हणतात. आम्ही तपासतो तर सगळं ठीक असतं. मग आम्ही फार विचारत नाही.

मी विचारलं, मी काय करू? ते म्हणाले, ‘ताई, गुण तेवढे दुरुस्त करा. कारण लिहायची गरज नाही. घरातलं आहे ते.’

भला माणूस. पण आपल्या साइटच्या माथ्यावर नऊ वर्षांपूर्वी तूच लिहिलंयस, मत बदललं तर कारण सांगू. कारण न सांगता दोनाचे नऊ केले तर लोक म्हणतील पाकीट मिळालं, आणि त्या तीन माणसांचं उरलंसुरलं नावही जाईल. कारण सांगायचं तर आपल्या घराचं दार उघडायला लागतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, हे लोकांनी म्हणण्याआधी आपणच छापायचं.

मी आठ दिवस मसुदे करतेय. पहिल्यात सगळं होतं, तुझं माझं दोन्ही. वाचून पाहिलं तर त्यात तुझं जास्त आणि माझं कमी झालं होतं. मला लिहिता येतं हे त्यातलं वाईट. दुसरा फाडला. आता तिसऱ्यात फक्त एवढं आहे की चाचणीनंतर मी स्वयंपाकघरात आईबद्दल एक वाक्य बोलले, ते तिला स्पष्ट ऐकू आलं, मला वाईट वाटू नये म्हणून ती नाही म्हणाली, आणि मी तिच्या चांगुलपणाचे गुण यंत्रातून कापले. ते वाक्य मी जसंच्या तसं दिलंय. तू तिथे होतास हेही त्यात नाही. तुझं जे आहे ते तुझं तू बघ.

छापण्याआधी आईला वाचून दाखवणार आहे. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला आधी दाखवायचं, हे आपण यंत्रवाल्यांच्या बाबतीत पाळतो, आईच्या बाबतीत कधी पाळलं नाही. तुझ्या त्या लेखात तिची शिलाई, तिचे दुखरे गुडघे, सगळं होतं. तिने तो वाचलाय. शेजाऱ्यांनी दाखवला. मला म्हणाली, छान लिहितो. मी तुला हे आधी सांगायला हवं होतं, पण मला तुझं कौतुक तुझ्यापर्यंत पोचवायचं नव्हतं.

ताई

२९ मार्च

धाकट्या,

हे कुरिअरने पाठवतेय, उद्या तुझ्या हातात पडेल. त्यामुळे मिळालं नाही म्हणू नकोस.

यंत्रवाल्यांनी यंत्र परत दिलं, आईसाठी, तपासणीसाठी नव्हे. मंगळवारी शाळेतून आल्यावर मी तिला म्हटलं, लाव, काहीतरी वाचायचंय. तिने लावलं. मी समोर बसून सगळं वाचलं. ते वाक्य आलं तिथे मी निम्मं गिळलं. मग पुन्हा पहिल्यापासून ती ओळ वाचली, कारण अर्धवट वाचणं म्हणजे लपवणंच.

ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘बरं लिहिलंयस.’ मी म्हटलं, आई, मी ते बोलायला नको होतं. ती म्हणाली, ‘खरं होतं ना? मग असू दे. दोन वर्षं तू गोड बोलत होतीस, मला समजत नव्हतं तुझं काय बिनसलंय. त्या दिवशी समजलं.’ मी रडले. तिने रडू दिलं, पाणीबिणी आणून दिलं नाही. मग म्हणाली, विद्यापीठातली ती जागा अजून आहे का विचार. मी विचारलंय. जूनपासून आहे.

मी तिला जाऊ नकोसही म्हटलं. ती म्हणाली, रागाने जात नाहीये गं. खोली बघून आलेय, खिडकी आहे, बाया बोलक्या आहेत, आणि त्यातल्या निम्म्या माझ्याहून बहिऱ्या आहेत. कुणाचं कुणाला ओझं नाही.

मग ती मला म्हणाली, ‘तुझ्या या लेखात एक चूक आहे.’ मला वाटलं बॅटरीचं असेल. तिने माझ्याकडून तो तक्ता मागून घेतला, चष्मा लावला आणि दुसऱ्या नोंदीवर बोट ठेवलं. अकरा सोळा.

‘तू लिहिलंयस की तुझं ऐकायला मी दोनदा आवाज वाढवला. तुझं मला पहिल्याच वेळी ऐकू आलं, सगळं. दुसऱ्यांदा वाढवला तो त्याच्यासाठी. तू बोलून गप्प झालीस. मला वाटलं, आता तो काहीतरी म्हणेल. काहीच येईना, म्हणून वाटलं हळू बोलत असेल. म्हणून वाढवला. थोडा वेळ थांबले. मग बंद केलं.’

अकरा सोळा ते अकरा चोवीस. आठ मिनिटं. मी खूप आठवून पाहिलं, की तू काही बोलला होतास आणि मीच विसरले असेन. नाही. मी ओट्यापाशी पाठ करून उभी होते आणि तू टेबलाशी बसून फोनवर कुणाच्या तरी प्रतिक्रियेला उत्तर देत होतास. मला आठवतं कारण टाइप केल्याची टिकटिक येत होती. यंत्र चांगलं आहे, तीही तिला आली असेल.

लेख गुरुवारी छापला. दहापैकी नऊ. प्रतिक्रिया येतायत, कुणी मला नालायक म्हणतंय, कुणी सगळं बनाव आहे म्हणतंय, एकीने लिहिलंय की तिने यंत्र काढून ठेवलं होतं ते पुन्हा लावलं. यंत्रवाल्यांचा फोन येऊन गेला. अकरा सोळाचं मी दुरुस्त करताना फक्त ‘दोनदा’चं ‘एकदा’ केलं. दुसऱ्या वेळेचं साइटवर घातलेलं नाही. ते तुझं आहे.

बुधवारी सकाळी दहाला गाडी येणार. सामान एक बॅग आणि एक खोकं, मी बांधलंय. नर्सबाई म्हणाल्या गाडी लवकरची ठरवू, ऊन लागणार नाही. आई म्हणाली, नको, दहाच बरे, पहिली गाडी नऊला येते ना त्याच्या गावाहून. तुला सांग असं काही ती म्हणाली नाही. मी सांगतेय.

तिला अडवायला येऊ नकोस, ती अडणार नाही. लेख लिहायला तर मुळीच येऊ नकोस. ये आणि तिच्याशी काहीतरी बोल. काय बोलायचं ते मी सुचवणार नाही, आणि या वेळी मथळाही देणार नाही. चुकीचं बोललास तरी चालेल, मी त्याहून वाईट बोलले आणि तिने ते ऐकून घेतलं. मोठ्याने बोलायची गरज नाही. तू हळू बोललास तरी तिला ऐकू येतं, हे मी तपासून लिहितेय.

ताई